चाळीतल्या खोलीत झोपण्याजोगा पोटमाळा करावा का?

दोन_खणी | सोमवार, रात्री १०:४२

गिरगावात आमची पागडीची (मालकाला एकरकमी पैसे देऊन घेतलेली भाड्याची) खोली आहे. दुसरा मजला, डोक्यावर अजून एक मजला. बाहेरची खोली १० बाय १२, आत १० बाय ६ चं स्वयंपाकघर, त्यातच मोरी. संडास गॅलरीच्या टोकाला, कॉमन. माणसं पाच: आई (७४), मी, बायको, मुलगी यंदा नववीत, मुलगा पाचवीत.

मोरीवर आणि ओट्यावर आजोबांच्या वेळचा लाकडी माळा आहे, १० बाय ४, पण तो सामानानं गच्च. आता बाहेरच्या खोलीवर पूर्ण १० बाय १२ चा लोखंडी माळा टाकावा असं डोक्यात आहे. वर मुलीचा अभ्यास, आणि रात्री आम्ही दोघं किंवा मुलं झोपतील. छत उंच आहे, १२ फूट तरी असेल. ओळखीतल्या फॅब्रिकेटरने शिडीसकट १ लाख ९० हजार सांगितलेत. म्हणतो, चार दिवसांत उभा करून देतो.

पैसे पीएफमधून काढावे लागतील. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. करावा का? ज्यांनी केलाय त्यांनी खरं खरं सांगा.

---

परळकर | सोमवार, रात्री ११:०५

रुमाल टाकून ठेवतो, उद्या सविस्तर लिहितो. तोवर एवढंच: करा! आमच्या चाळीत पोराचं लग्न ठरलं की आधी सुतार यायचा, मग भटजी. माझ्या दोन्ही काकांचे संसार माळ्यावर सुरू झाले. खाली दहा माणसं झोपलेली, आणि काकू बांगड्या वाजू नयेत म्हणून रुमालात गुंडाळून वर जायची, असं आजी हसत हसत सांगायची.

---

कुर्ल्याची_काकू | मंगळवार, सकाळी ६:५०

परळकर, काकूला विचारलंत का कधी, तिला हसू येतं का ते?

दोन_खणी, मी सतरा वर्षं माळ्यावर झोपले आहे. माझे प्रश्न साधे आहेत, त्यांची उत्तरं घरात बसून द्या, इथे नाही दिलीत तरी चालेल. रात्री दोनला लघवीला लागलं तर शिडी उतरून, खाली झोपलेल्यांना ओलांडून, कडी काढून, गॅलरीच्या टोकापर्यंत कोण जाणार? दिवस गेलेले असताना मी पाणी प्यायचं सोडलं होतं संध्याकाळी सातनंतर. गादीची चादर बदलायची तर आधी गादीवरच बसावं लागतं, ते कसं करणार? कपडे आडवं पडून बदलायचे, जमेल? आणि पंखा. छताचा पंखा काढावा लागेल, कारण माळा झाल्यावर तो वरच्यांच्या मानेशी येतो किंवा खालच्यांच्या डोक्याशी. मग भिंतीवरचे दोन पंखे, एक खाली, एक वर. वरचा पंखा गरम हवाच फिरवतो. मे महिन्यात मी ओला पंचा अंगावर घेऊन झोपायचे.

करू नका असं म्हणत नाही. आमच्याकडे दुसरा इलाजच नव्हता. पण "वर मुलीचा अभ्यास" हे वाक्य मुलीने म्हटलंय की तुम्ही?

---

गर्डर | मंगळवार, सकाळी ९:३०

स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत वीसेक वर्षं काढली. काही सांगण्याआधी माहिती हवी:

चाळ कशाची आहे? लाकडी खांब-तुळयांची, की भारवाही विटांच्या भिंतींची, की आरसीसी? शेजारच्या खोलीला आणि तुमच्या खोलीला विभागणारी भिंत किती जाडीची आहे? दाराच्या किंवा कोनाड्याच्या कडेला टेप लावली की कळेल. आणि उंची "१२ फूट असेल" असं चालणार नाही. फरशीपासून वरच्या फळ्यांपर्यंत एक माप, फरशीपासून तुळईच्या पोटापर्यंत दुसरं.

फॅब्रिकेटरने गर्डर कुठे टेकवणार ते सांगितलंय का?

---

दोन_खणी | मंगळवार, दुपारी १:१५

काकू, खरं सांगायचं तर मुलीला विचारलंच नाहीये. सरप्राइज द्यायचं होतं.

गर्डरसाहेब, वर लाकडी तुळया आणि फळ्या दिसतात, म्हणजे कडीपाटच. गर्डर दोन्ही बाजूंच्या भिंतींत भोक पाडून बसवणार म्हणाला. "शेजाऱ्यांनी पण तसंच केलंय" हेही म्हणाला. टेप संध्याकाळी लावतो.

---

ठाणेकर_झालो | मंगळवार, दुपारी २:४०

कटू वाटेल, पण बोलतो. पीएफ काढून दुसऱ्याच्या इमारतीत लोखंड का ठोकताय? खोली बंद ठेवा, डोंबिवलीला किंवा ठाण्याला भाड्याने वनबीएचके घ्या. आम्ही २०११ ला लालबागहून निघालो. मुलांना स्वतःची खोली मिळाली, आईला घरात संडास मिळाला. गिरगाव-गिरगाव म्हणून किती दिवस कवटाळून बसणार?

---

कुर्ल्याची_काकू | मंगळवार, दुपारी ३:०२

आणि ७४ वर्षांच्या आईला ज्या गॅलरीत चार जणी ओळखतात तिथून उचलून सातव्या मजल्यावरच्या बंद दाराआड ठेवा. घरात संडास मिळाला, बोलायला कोण मिळालं?

---

ठाणेकर_झालो | मंगळवार, दुपारी ३:११

माझी आई मजेत आहे, धन्यवाद. खालच्या बाकावर तिचा भजनी ग्रुप आहे. सगळ्यांच्या आया एकसारख्या नसतात.

---

दोन_खणी | मंगळवार, दुपारी ३:४०

भांडू नका हो. हा हिशेब आम्ही केलाय. बायको चर्नी रोडला नोकरी करते, शिफ्ट ड्यूटी आहे. मुलीची शाळा चालत सात मिनिटांवर. दहावी होईपर्यंत तरी हलणार नाही. म्हणजे प्रश्न पुढच्या दीड-दोन वर्षांचा आहे. त्यापुढचं त्यापुढे.

---

भाऊ_वरळी | मंगळवार, रात्री ९:२०

मी वरळीच्या बीडीडी चाळीतला. १६० फुटांची खोली, तीत आम्ही आठ माणसं. आमचा माळा बाबांनी मिलमधून आल्यावर रविवारी रविवारी करून स्वतः ठोकला होता. माझा सगळा अभ्यास तिथे झाला, साठचा बल्ब, पुस्तकं उशाला. आजही कुठे बसलो की डोकं आपोआप वाकतं. बायको हसते.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. पुनर्विकासात आम्हाला ५०० चौरस फुटांचं घर ठरलं ते खोलीमागे. ज्याने माळा केला त्यालाही ५००, ज्याने नाही केला त्यालाही ५००. आमच्या शेजाऱ्याने शेवटच्या काळात दीड लाख घालून नवा माळा केला होता, स्टीलची रेलिंग वगैरे. खोली रिकामी करताना भंगारवाल्याने तो किलोवर मोजून नेला.

---

मुलुंडची_मी | मंगळवार, रात्री ९:५५

थोडं अवांतर: आमचा १९८४ च्या सोसायटीतला फ्लॅट आहे, स्लॅब साडेनऊ फुटांवर. मुलाच्या बेडरूममध्ये असा माळा होईल का?

---

गर्डर | मंगळवार, रात्री १०:१०

नाही. साडेनऊ फुटांत खाली माणूस उभा राहील इतकी जागा सोडली की वर मांजर झोपेल. मुलासाठी खाली टेबल असलेला उंच पलंग घ्या, फर्निचर म्हणून. इमारतीला ड्रिल लावू नका. तीस वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असं सोसायटीच्या आदर्श उपविधीत आहे. तुमच्याकडे शेवटचं कधी झालं ते आधी विचारा.

---

दोन_खणी | बुधवार, रात्री ८:१५

मापं घेतली. फरशी ते फळ्या बरोबर १२ फूट. फरशी ते तुळईचं पोट ११ फूट २ इंच. शेजारची भिंत दाराशी मोजली तर गिलाव्यासकट साडेपाच इंच. वाजवून पाहिली, मधे मधे लाकडाचा आवाज येतो. समोरची (गॅलरीची) आणि मागची भिंत मात्र जाड आहे, १५-१६ इंच भरते.

शेजारच्या काकांना विचारलं. त्यांचा गर्डर खरंच आमच्या भिंतीत आहे. बहुतेक आमच्या कॅलेंडरच्या मागे.

---

गर्डर | बुधवार, रात्री ११:३०

आता बोलता येईल. लांब होईल, चहा घेऊन बसा.

आधी उंची. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमांत लॉफ्ट ही साठवणीची जागा धरली आहे. तिच्याखाली किमान २.२ मीटर मोकळी उंची हवी आणि तिच्यावर १.५ मीटरपेक्षा जास्त नको. २.२ मीटर म्हणजे ७ फूट ३ इंच. चार इंची गर्डर, त्यावर प्लाय आणि वरचं फिनिश धरलं तर माळ्याची जाडी ५ इंच. तुमच्या ११ फूट २ इंचातून हे वजा करा. तुळईखाली उरतात ३ फूट ६ इंच. दोन तुळयांच्या मधल्या गाळ्यात ४ फूट ४ इंच. म्हणजे मांडी घालून बसता येईल, गुडघ्यांवर चालता येईल, आणि दर थोड्या अंतरावर तुळई कपाळाची वाट बघत असेल. खालची उंची साडेसहा फुटांवर आणली तर वर नऊ इंच जास्त मिळतात, पण मग तुमची मुख्य खोली, जिथे दिवसभर सगळे वावरतात, तिचं तळघर होतं. फॅब्रिकेटर नेहमी तेच करतात, कारण गिऱ्हाईक वरची उंची विचारतं.

आता वजन. राहत्या खोलीच्या जमिनीसाठी माणसं-सामान मिळून दर चौरस मीटरला २०० किलो धरतात, आयएस ८७५ या भारतीय मानकात तसं आहे. १० बाय १२ म्हणजे ११ चौरस मीटर. झाले २२०० किलो. लोखंड आणि प्लाय यांचं स्वतःचं वजन अजून पाचशेच्या आसपास. सगळं मिळून २७०० किलो. रोज एवढं वजन असेल असं नाही, पण गणपतीत वर नातेवाईक झोपले, कडेला पुस्तकांचं कपाट ठेवलं, की तुम्ही त्या दिशेनेच निघालात.

हे वजन जाणार कुठे? तुमचा फॅब्रिकेटर गर्डर दोन बाजूंच्या आडभिंतींवर टाकतोय, कारण तो गाळा १० फुटांचा आणि सोपा. पण त्या आडभिंती भारवाही नाहीत. साडेपाच इंचांत दोन्हीकडचा गिलावा वजा केला तर आत उभे-आडवे लाकडी खांब आणि मधे विटा भरलेल्या, चुन्यात. तिचं काम खोल्या वेगळ्या करणं. तिच्या एका बाजूने शेजाऱ्याचा गर्डर शिरलाय, दुसऱ्या बाजूने तुमचा शिरणार. साडेचार इंचांच्या विटेत दोन्हीकडून टेकू. आणि ही भिंत खालच्या मजल्यावर त्याच रेषेत आहे की नाही हे तुम्हाला माहीत नाही. नसेल, तर ती वजनासकट खालच्यांच्या छताच्या तुळईवर उभी आहे.

करायचाच झाला तर गर्डर समोरच्या आणि मागच्या जाड भिंतींवर हवेत, म्हणजे लांब गाळा, जड गर्डर, टेकूखाली काँक्रीटचा ठोकळा. खर्च तुमच्या आकड्याच्या बराच वर. पायांवर उभा केलेला सुटा सांगाडा ही युक्ती तळमजल्यावर चालते, तिथे पायाखाली जमीन असते. दुसऱ्या मजल्यावर ते पाय खालच्या शेजाऱ्याच्या छतावर उभे राहतात.

आणि सगळ्यात आधी: मोरीजवळच्या तुळईची टोकं पाहा. भिंतीत शिरतात तिथे. लाकूड मधे सहसा कुजत नाही, टोकाला कुजतं, कारण ओल भिंतीतून येते. मोठा स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि दाबा. आत गेला तर माळ्याचा धागा बंद करून दुरुस्तीचा उघडा.

---

परळकर | गुरुवार, सकाळी १०:००

गर्डर, तुमचं पुस्तकी बरोबर असेल. पण आमच्या चाळीत चाळीस खोल्या, तीसेक माळे, आणि पन्नास वर्षांत काही झालं नाही. इंजिनिअरला विचारत बसलो असतो तर अर्ध्या मुंबईचा जन्मच झाला नसता. (दिवा घ्या, म्हणजे गमतीत घ्या.)

---

गर्डर | गुरुवार, सकाळी १०:२५

दिवा घेतला. पण पन्नास वर्षांपूर्वीचे माळे लाकडाचे होते, वर ट्रंका आणि एक जोडपं. आता लोखंड, वर टाइल्स (हो, माळ्यावर टाइल्स लावलेल्या पाहिल्यात), एसी, वॉशिंग मशीनसुद्धा. शिवाय एकाने केला तर चाळ सोसते. तीस जणांनी केला तर इमारतीवर एक मजला जास्त चढला, फक्त तो कुणाला दिसत नाही. दर पावसाळ्याआधी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी काढतं. त्यातल्या बऱ्याच इमारतींत मी आत गेलोय. प्रत्येक खोलीत "आमचाच माळा हलका" असतो.

---

कोर्टाची_पायरी | गुरुवार, दुपारी १२:३०

कायद्याची बाजू कुणीच काढली नाही म्हणून लिहितो. भाडेकरूंची प्रकरणं बघतो, पण हा सल्ला नव्हे, गप्पा समजा.

पागडी असली तरी कायद्याच्या नजरेत तुम्ही भाडेकरू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम १६: मालकाच्या लेखी संमतीशिवाय जागेत कायमस्वरूपी बांधकाम केलं तर जागा खाली करून मागायला ते एक कारण होतं. भिंतीत गाडलेला गर्डर कायमस्वरूपी नाही हे कोर्टात सिद्ध करायला वकील लागेल आणि वर्षं लागतील. मालक आज गोड बोलतो, पण रिडेव्हलपमेंट आलं की त्याला कारणंच हवी असतात.

गंमत अशी की त्याच कलमाखाली स्पष्टीकरण आहे. काही कामं कायमस्वरूपी बांधकामात मोजत नाहीत, लागेल तिथे महापालिकेची परवानगी घेऊन केली तर. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा उभा ओटा, हवेसाठी खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी. त्या यादीत पार्टिशन आहे, लोखंडी माळा नाही.

महापालिकेचं वेगळं. १८८८ च्या अधिनियमात कलम ३४२ खाली अशा फेरबदलाची आधी सूचना द्यायची असते. गिलावा, फरशी ही किरकोळ दुरुस्ती त्यातून सुटते, गर्डर सुटत नाही. न विचारता केलं आणि कुणी तक्रार केली (चाळीत तक्रार करणारा शोधावा लागत नाही) तर कलम ३५१ ची नोटीस येते.

भाऊ_वरळींचा मुद्दा तुम्हालाही लागू आहे. तुमची इमारत उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत) असेल, आणि विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) मध्ये पुनर्विकास झाला, तर लहान खोलीवाल्याला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र मिळतं. तुमचे १८०. म्हणजे किमान ३०० तुम्हाला माळ्याशिवायही आहेत. माळ्याने हक्क वाढेल असं कुणी सांगत असेल तर तो फॅब्रिकेटरचा भाऊ असणार.

---

नीलांबरी_दादर | गुरुवार, दुपारी ४:१०

वाचतेय. धाग्याच्या नावातला "झोपण्याजोगा" हा शब्द फार खुपला, कारण आमच्याकडे झोपण्याजोगाच केला होता. एकदा खाली टीव्हीच्या मागचं एक्स्टेन्शन बोर्ड जळलं. आग अशी लागली नाही, नुसता काळा धूर. खाली झोपलेल्या सासूबाईंना खोकलासुद्धा आला नाही आणि वर आम्हाला काही दिसेना. धूर आधी वर येतो हे शाळेत शिकलो होतो, पण शिडी दिसत नसताना कळलं. कुणाला काही झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून मुलं खाली झोपायला लागली, आणि माळ्यावर गाद्या आल्या, त्या अजून तिथेच आहेत.

शिडी लावायची जागा दाराच्या बाजूला ठेवा, ओट्याच्या बाजूला नको, एवढंच.

---

दोन_खणी | शनिवार, रात्री ११:५०

दोन गोष्टी झाल्या.

एक. स्क्रू ड्रायव्हर. बाहेरच्या खोलीतल्या तुळया दगडासारख्या आहेत, टणटण वाजतात. मोरीवरच्या तुळईत, जिथे ती मागच्या भिंतीत जाते, स्क्रू ड्रायव्हर अडीच इंच गेला, लोण्यात गेल्यासारखा. वरच्या मजल्यावरची मोरी बरोबर तिथेच आहे. आणि त्या तुळईला आजोबांचा माळा लोखंडी पट्ट्यांनी टांगलेला आहे. आम्ही तिच्याखाली रोज पोळ्या लाटतो. आईला अजून सांगितलेलं नाही.

दोन. मुलीला विचारलं. सरप्राइज वगैरे काही उरलं नाही, ती हा धागा आधीच वाचत होती. (आईच्या मोबाईलवरून. इथे कुणी शिव्या दिल्या नाहीत त्याबद्दल आभार.) ती म्हणाली, बाबा, मला वर नको. मला दार हवंय. लावता येईल असं. आत काय करणार विचारलं तर म्हणाली, काही नाही, लावणार.

---

कुर्ल्याची_काकू | रविवार, सकाळी ७:०५

शाबास तुझी लेक.

आता माळा "घालायचा की नाही" हे सोडा आणि आहे तो माळा उतरवा. आजच. त्यावर काय काय आहे?

---

दोन_खणी | रविवार, सकाळी ९:२०

मखर, पितळेचा बंब, तांब्याचे दोन हंडे, आजोबांच्या ट्रंका, पाटा-वरवंटा (दोन, का ते विचारू नका), बंद पडलेलं शिलाई मशीन, मुलांची झोळी, गाद्या, आणि बाबांनी जपून ठेवलेले जुने अंक, गठ्ठे बांधून.

---

गर्डर | रविवार, सकाळी ९:४५

कागद आणि दगड. कुजक्या तुळईवर. काकूंचं ऐका, आज उतरवा. उतरवताना माळ्यावर एकच माणूस चढू द्या, तोही बारीक. तुळईला तात्पुरता टेकू हवा. लाकडी वासा किंवा लोखंडी प्रॉप, खाली आणि वर जाड फळी ठेवून. खालच्या मजल्यावरही त्याच जागी टेकू लागेल, नाहीतर वजन नुसतं त्यांच्या छतावर येईल. त्यांना विश्वासात घ्या. मालकाला लेखी कळवा, आणि फोटो जोडून दुरुस्ती मंडळाला अर्ज द्या. उपकर भरता तो याचसाठी. वरच्यांची मोरी गळतेय ती थांबल्याशिवाय नवीन तुळई टाकलीत तरी काही वर्षांत तेच होईल.

---

परळकर | रविवार, सकाळी ११:३०

बरं, मी माघार घेतो. माझ्या आत्याकडे आज टॉर्च आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन चाललोय. ती विचारतेय, हा चोर कधीपासून झाला.

---

दोन_खणी | २३ दिवसांनी, रात्री १०:१५

धागा वर काढतो, कारण तिघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं.

माळा रिकामा केला. भंगारवाल्याने काट्यावर घेतलं ते १८५ किलो, त्यातले ११० किलो नुसते कागद. एक पाटा शेजाऱ्यांना दिला, मखर मंडळाकडे ठेवलंय. सामान उतरल्यावर माळ्याचा एक कोपरा, जो आम्ही लहानपणापासून वाकलेलाच पाहिला होता, पाऊण इंच वर आला. आई बघत होती. तिला तेव्हा सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत होतं, म्हणून मी पोळ्या दाराशी बसून लाटते. आम्हाला वाटायचं हवेसाठी बसते.

मोरीसाठी वरचे, आम्ही आणि खालचे अशा तिघांची बैठक झाली. वरच्यांनी मोरी फोडून वॉटरप्रूफिंग करायचं कबूल केलं, खर्च तिघांत. मालकाला पत्र दिलंय, तो अजून "बघतो" वर आहे. दुरुस्ती मंडळाचा माणूस येऊन बघून गेला, टेकू तसेच आहेत. ओट्यासमोर लोखंडी प्रॉप आहे आणि बायकोने त्याला पंचा अडकवायची खुंटी केलीय.

माळा पूर्ण काढला नाही. टांगलेल्या पट्ट्या सोडवल्या, अर्धा काढून जाड भिंतीच्या बाजूचा तेवढा ठेवला. त्यावर फक्त गाद्या आणि चादरी.

बाहेरच्या खोलीतलं मोठं लोखंडी कपाट विकलं. त्या कोपऱ्यात ७ बाय ४ चं लाकडी पार्टिशन घातलं, छतापर्यंत नाही, वरून हवा आणि उजेड यावा म्हणून दीड फूट सोडून. आत टेबल, त्याच्या वर उंच पलंग, सुताराने बनवलेला. चढायला चार पायऱ्या. सरकतं दार. दार, पलंग, टेबल मिळून ४६ हजार. पीएफ जागेवर आहे. मुलगा आजीजवळ झोपतो, आम्ही दोघं जिथे होतो तिथेच. म्हणजे आमच्या वाट्याला काही आलं नाही, हेही लिहून ठेवतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल सगळं गोड झालं.

दार पहिले दोन दिवस सतत बंद होतं. आता बहुतेक वेळ उघडंच असतं. कधी कधी आजी आत जाऊन बसते आणि लावून घेते.

---

ठाणेकर_झालो | २३ दिवसांनी, रात्री १०:४०

छान केलंत. दहावी झाली की डोंबिवलीचा विषय पुन्हा काढणार, सांगून ठेवतो.

---

कुर्ल्याची_काकू | दुसऱ्या दिवशी, सकाळी ६:३५

भंगारवाल्याच्या १८५ किलोत पितळेचा बंब होता का? नसेल तर विकू नका, व्यनि बघा.